गोरज मुहूर्ताचा फोटो

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरात फोटोवरून थोडी वादावादी झाली. पुतण्याची मुलगी चिमी पुण्याहून कॅमेरा घेऊन आली होती. सगळे पूजेभोवती बसल्यावर तिनं फर्मान काढलं, "ट्यूबलाइट बंद करा." आमचे दीर म्हणाले, "अगं, मग आमची तोंडं कशी दिसणार? त्यापेक्षा फ्लॅश मार की!" त्यावर ती म्हणाली, "फ्लॅश मारणारच आहे आजोबा, पण थोडासाच. पणत्या पण दिसायला पाहिजेत ना!" कॅमेरा तिपाईवर ठेवून तिनं आम्हाला दोन क्षण हलू नका म्हणून दटावलं आणि फोटो काढला.

फोटो पाहिला आणि मी गप्पच झाले. सगळ्यांचे चेहरे स्वच्छ दिसत होते, तरी पणत्यांचा पिवळा उजेड गालांवर होता, मागच्या भिंतीवर आमच्या सावल्या होत्या, देव्हारा होता, दारातली रांगोळीसुद्धा अंधुक दिसत होती. चिमीला वाटलं आजीला आवडला नाही. मी म्हटलं, "अगं, आमचा नानामामा असाच फोटो काढायचा. पन्नास वर्षांपूर्वी."

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. मी इतिहासाची मास्तरीण. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुठलीही गोष्ट मुळात सुरू कुठून झाली हे पाहिल्याशिवाय अजून चैन पडत नाही. म्हणून आज हे फोटोतल्या उजेडाचं पुराण. शेवटी घरचीच गोष्ट आहे, तेव्हा नातेवाइकांनी कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावं!

छायाचित्रणाची कला जगापुढे आली १८३९ साली, पॅरिसमध्ये. आपल्याकडे ती फार लवकर पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत फोटोचा व्यवसायच थाटला. म्हणजे १८५७ च्या आधीच मराठी माणूस कॅमेऱ्याच्या मागे उभा होता.

या सगळ्या मंडळींकडे उजेड एकच. सूर्याचा. म्हणून जुन्या स्टुडिओंना काचेचं छप्पर किंवा मोठ्या खिडक्या असत. उन्हाची तिरीप थेट तोंडावर पडू नये म्हणून पडदे लावायचे, एका गालावर फार अंधार राहिला तर त्या बाजूला पांढरं कापड धरायचं. काच तयार करणं, उजेड घेणं, सगळंच सावकाश. माणसाला कित्येक सेकंद हलायची बंदी. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी चिमट्याचा आधार देत. आपल्या पणजोबांचे फोटो इतके रागीट का दिसतात, याचं थोडं कारण त्या चिमट्यात आहे. इतका वेळ हसत बसणार तरी कोण?

पण त्या संथपणाचा एक फायदा होता. उजेड सगळीकडून हळूहळू आत यायचा. माणूस आणि त्याच्या भोवतीची जागा एकाच उजेडात न्हालेली असायची. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. ऑक्टोबर १८८५. एक जपानची, एक सीरियाची आणि मध्ये साडी नेसलेल्या... नाही, मध्ये नाहीत, आनंदीबाई कडेला आहेत. बघा, इतक्या वेळा वर्गात दाखवूनसुद्धा माझी चूक होते. तिघींच्या चेहऱ्यांवर उजेड कसा समजुतीनं वाटून दिल्यासारखा आहे. कुणी भगभगीत नाही, कुणी अंधारात नाही.

माणसानं स्वतःचा उजेड बनवायचे प्रयत्न मात्र तोवर सुरू झाले होते. मॅग्नेशियमची तार जाळली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. १८६४ साली मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्स यांनी त्या उजेडात माणसाचा फोटो काढून दाखवला. पुढे १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत इतर रसायनं मिसळून फ्लॅशची दारू केली. पेटवली की भपकन उजेड आणि खोलीभर धूर. आमच्या सोलापूरकरांना हे समजायला अवघड नाही. गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम आठवा. एक मोठा बार फुटला की क्षणभर अख्ख्या मैदानातली तोंडं वर केलेली दिसतात आणि दुसऱ्या क्षणी शेजारचासुद्धा दिसेनासा होतो.

न्यूयॉर्कचे पत्रकार जेकब रीस ही दारू घेऊन गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत शिरले. त्यांचं पुस्तक १८९० साली आलं आणि त्या खोल्यांतलं जिणं सुखवस्तू लोकांना पहिल्यांदा दिसलं. या नादात रीस यांनी दोनदा घराला आग लावली म्हणतात. त्यांच्या कामाचं मोल मोठंच आहे. पण ते फोटो पाहताना मला दुसरंही काही जाणवतं. झोपेतून उठवल्यासारखी दचकलेली माणसं. उजेड त्यांचा नव्हताच, बाहेरून येऊन अंगावर पडलेला होता.

नंतर १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत काचेचा बंद बल्ब आला. धूर गेला, आगीची भीती कमी झाली. एक बल्ब म्हणजे एक फोटो, मग तो जळका बल्ब फेकून द्यायचा. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेवर पुन्हापुन्हा चमकणारा फ्लॅश बनवला. आज मोठ्या कॅमेऱ्यांवर असतो तो त्याच वंशातला.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट. खरं म्हणजे दोन गोष्टी, पण माणूस एकच.

गांधीजींना फ्लॅशचा तिटकारा होता. वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी राहायचा. त्याला बापूंचे फोटो काढायचे होते. बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही आणि आश्रमाचे पैसे खर्चायचे नाहीत. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी मदत केली. मग कनूनं दहाएक वर्षं फोटो काढले, सगळे असलेल्या उजेडात. मातीच्या झोपडीत दारा-खिडकीतून जेवढा उजेड येईल तेवढ्यावर भागवायचं. त्यातले कित्येक फोटो काळपट आहेत, काही हललेले आहेत. पण पाहताना आपण त्या खोलीत भिंतीला टेकून बसलोय असं वाटतं.

दुसरी गोष्ट पुण्याची, १९४६ सालची. 'लाइफ' साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्यासोबत फोटो काढायला आल्या. त्यांना सांगण्यात आलं, आधी चरखा चालवायला शिका! बाईंनी तेही केलं. त्या दिवशी बापूंचं मौन होतं. फ्लॅश चालणार नाही म्हणून आधी नकारच होता, पण खोली इतकी अंधारी की शेवटी तीन बल्बांची परवानगी मिळाली. मोजून तीन.

त्यांची अडचण ध्यानात घ्या. आत काळोख आणि खिडकीत डोळे दिपवणारं ऊन. खिडकीच्या हिशेबानं फोटो काढला तर बापू काळेठिक्कर. बापूंच्या हिशेबानं काढला तर खिडकी पांढरीफटक. फ्लॅशचा मारा केला तर खोलीचा सगळा शांतपणा गेला. पहिला बल्ब मारला तर आवाजावरूनच कळलं, कॅमेऱ्याची झडप आणि बल्ब यांचा मेळ बसला नाही. आपल्याकडच्या दमट उकाड्यानं यंत्रं बिघडली होती. मग त्यांनी उरलेले दोन बल्ब राखून नुसत्या खोलीच्या उजेडात फोटो घ्यायचं ठरवलं, तर तिपाईचे पाय अडकून बसले. दुसरा बल्ब नीट पेटला, पण कॅमेऱ्यातल्या फिल्मपुढची पट्टी काढायचीच राहिली होती. तिसरा बल्ब मात्र लागू पडला.

त्या भेटीतला जो फोटो जगभर गेला तो सगळ्यांना माहीत आहे. पुढे चरखा, मागे जमिनीवरच्या गादीवर बसून कागद वाचणारे बापू, पलीकडे खिडकीचा उजेड. वर्गात हा फोटो दाखवून मी स्वावलंबन शिकवायचे. तो काढायला बसलेल्या बाईंकडे तीनच बल्ब होते, हे मला फार उशिरा कळलं. आता वाटतं, ती अट किती शहाणपणाची होती! उजेड आणा, पण मोजका. इथला उजेड घालवू नका.

आता सोलापूर.

नानामामा रेल्वेत नोकरीला होता. फोटो हा त्याचा नाद. मुंबईहून त्यानं यशिकाचा दोन भिंगांचा जुना कॅमेरा आणला होता. पोटाशी धरून वरून आत बघायचा. एका रोलमध्ये बाराच फोटो. तेव्हा परदेशी रोल मिळायची मारामार, ऊटीच्या कारखान्यातला 'इंदू'चा रोल मिळाला तरी मामा खूश. त्यामुळे तो एकेक फोटो जिन्नस मोजून दिल्यासारखा काढायचा.

मी त्याला एकदा विचारलं होतं, "फ्लॅश असताना तुला एवढा वेळ कशाला लागतो रे?" त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. तो म्हणाला, "हे बघ, फोटोत दोन पाहुणे येत असतात. एक फ्लॅशचा उजेड आणि एक खोलीचा. फ्लॅश हजाराव्या भागात येऊन जातो. भिंगाचं छिद्र किती मोठं आहे एवढंच त्याला कळतं. दार किती वेळ उघडं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खोलीचा उजेड गरीब, तो सावकाश येतो. छिद्र दोघांनाही लागतं, पण वेळ फक्त या गरिबाला लागतो. म्हणून छिद्र फ्लॅशच्या हिशेबानं ठेवायचं आणि दार खोलीच्या हिशेबानं उघडं ठेवायचं."

एवढंच सूत्र. चिमीला सांगितलं तर ती म्हणाली, आज्जी, आमच्या वर्गात हेच शिकवतात!

याचं गणितही मामा करायचा. प्रत्येक फ्लॅशला एक गाइड नंबर असतो. त्याला अंतरानं भागलं की छिद्राचा आकडा मिळतो. ८० नंबरचा फ्लॅश आणि माणूस १० फुटांवर, तर एफ ८. फ्लॅशवर पांढऱ्या रुमालाची घडी टाकली की उजेड मऊ होतो आणि साधारण निम्मा होतो, मग छिद्र एक घर वाढवून एफ ५.६. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. १० फुटांवरचा माणूस उजळ दिसत असेल तर २० फुटांवरच्याला पाव वाटाच मिळतो. ३० फुटांवर नववा हिस्सा. म्हणून नुसत्या फ्लॅशच्या फोटोत पुढची माणसं भुतासारखी पांढरी आणि मागे काळोख. दोष माणसांचा नसतो, अंतराचा असतो.

माझं लग्न मे १९७४ मध्ये झालं. गोरज मुहूर्त होता. आमच्या घरासमोरच मांडव. एक धंदेवाईक फोटोग्राफर बोलावला होता. तो झटपट काम करणारा. समोर यायचा, फ्लॅश मारायचा, पुढे जायचा. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. दोनशे माणसांच्या गर्दीत प्रत्येक फोटोला तिपाई लावत बसला असता तर मुहूर्त टळला असता.

त्यानं काढलेला माळा घालतानाचा फोटो अल्बमात पहिल्या पानावर आहे. मी आणि 'हे'. दोघांची तोंडं पीठ फासल्यासारखी. मागे पूर्ण काळोख, जणू लग्न अमावास्येच्या मध्यरात्री रानात लागलं! त्या काळोखातून उजव्या कडेला एक हात पुढे आलाय, अक्षता टाकणारा. मनगटात दोन पाटल्या आहेत. त्या पाटल्यांवरून मी सांगू शकते, तो हात आईचा आहे. कोपराच्या मागे आई नाही. काळोख आहे.

आई फोटोला कधी उभी राहायचीच नाही. "मी कशाला मधे? पोरीचा काढा की ओ!" म्हणायची आणि आत जायची. लग्नानंतर दोन वर्षांनी ती गेली. पुढे अल्बम चाळताना माझ्या लक्षात आलं, आईचा म्हणावा असा फोटोच घरात नाही. काही वर्षांपूर्वी पुतण्यानं तो माळेचा फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर उजळायचा खूप प्रयत्न केला. मी शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. काळं होतं ते करडं झालं, करड्याचे ठिपके झाले. चेहरा काही आला नाही. फिल्मवर जे उमटलंच नाही ते कुठून येणार? त्या रात्री मी जेवले नाही, हे आज पहिल्यांदा सांगतेय.

मग नानामामाचं कपाट रिकामं करताना मामेभावाला एक पाकीट सापडलं. त्यात माझ्या लग्नाचे सहा फोटो होते. त्यातला एक मांडवात जाण्याआधीचा. मी ओट्यावर नेसून-सजून बसलेय. मागे घराचं दार. सूर्य नुकताच मावळलेला, आत चाळीसचा बल्ब. मला तो प्रसंग चांगला आठवतो. मामानं तिपाई लावली, फ्लॅशवर रुमाल टाकला, छिद्र जुळवलं आणि मला म्हणाला, "श्वास धरून बस, हलायचं नाही." मग त्यानं वर मान करून माझ्या पाठीमागे कुठंतरी पाहिलं, पुन्हा खाली वाकून कॅमेऱ्यावर काहीतरी फिरवलं आणि बटण दाबलं. फ्लॅश चमकून गेल्यावरही कॅमेऱ्याचं दार लगेच मिटलं नाही. मला वाटलं, मामाचा कॅमेरा बिघडला.

पाकिटावर मामाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'एफ ५.६, पाव सेकंद'.

त्या पाव सेकंदात आई आहे. माझ्या मागे दाराच्या चौकटीत ती उभी आहे. हातात तबक असावं. कुणी बोलावलं नव्हतं, तीच येऊन उभी राहिली असणार, पोरीकडे पाहायला. फ्लॅशचा उजेड तिच्यापर्यंत फारसा पोचलेला नाही. तिच्यावर आहे तो संध्याकाळचा आणि आतल्या बल्बचा उजेड. ती थोडी हललीय, त्यामुळे चेहऱ्याची कड पुसट आहे. पण ती आई आहे. डोळे ओळखू येतात. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहतेय.

मामानं तिला हाक मारली असती तर ती आत गेली असती. म्हणून त्यानं हाक मारली नाही, फक्त दार थोडा वेळ जास्त उघडं ठेवलं. हे त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, आणि त्याला विचारायला आता तो नाही.

हे सगळं लिहिताना मला माझ्या शिकवण्याचीच आठवण येते. तीसेक वर्षं मी मुलांना सोलापूरचा मार्शल लॉ शिकवला. मे १९३०. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१, येरवडा. नावं आणि तारखा मुलांना पाठ असायच्या. ते हवंच. पण माझ्या वर्गात गिरणीच्या चाळींत राहणाऱ्या घरातली मुलं बसायची. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिले असतील. "घरी जाऊन आजीला विचारा," असं मी किती वेळा म्हटलं? बोटावर मोजण्याइतक्या. अभ्यासक्रम पुरा करायची घाई असायची. मीही पुढच्या माणसांवर फ्लॅश मारून पुढे जात होते. त्या आज्या आता राहिल्या नाहीत.

आजच्या मोबाइलमध्ये सगळं सोपं झालंय. तो म्हणे एकापाठोपाठ बरेच फोटो घेतो आणि जोडून एक करतो, त्यामुळे चेहराही दिसतो आणि मागचंही. चांगलंच आहे. पण दुकानातल्या बाहुल्यांसारखं सगळंच एकसारखं उजळलं की मला चुकल्यासारखं होतं. संध्याकाळ थोडी संध्याकाळ दिसावी. मामाच्या फोटोत ती दिसते.

असो. त्या फोटोची मोठी प्रत करून मी चौकटीत बसवलीय. चिमीनं विचारलं, आई जरा उजळून देऊ का? मी नको म्हटलं. आहे तेवढा उजेड पुरे आहे.

नात्यातल्या सगळ्यांना एक विनंती. नानामामानं तुमच्याही घरची लग्नं, मुंजी, बारशी काढलीत. ते फोटो काढून जरा मागच्या माणसांकडे बघा. कडेला, दारात, खांबाआड. कुणी ओळखू आलं तर पाठीमागे पेन्सिलनं नाव लिहून ठेवा. आणि कुठं माझी आई दिसली, तर मला लगेच फोन करा. कितीही वाजता.